वाडीची विहीर आणि सुभेदारांची बोअर

माझी सगळी नोकरी लोकांच्या विहिरीत डोकावण्यात गेली. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी सरकारी नोकरीत आहे म्हणता, पण करते काय?" वडिलांनी घसा खाकरून सांगितलं, "विहिरी मोजते." समोरच्यांना वाटलं, किती विहिरी आहेत ते मोजते. एकदा सगळ्या मोजून झाल्या की हिची नोकरी संपणार, ही काळजी सासूबाईंना पुढं दोन वर्षं होती.

विहिरी संपल्या नाहीत. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्या तिथंच आहेत.

जमिनीखालच्या पाण्याचं एक सरकारी खातं असतं, त्यात मी होते. सातारा आणि सांगली, आलटून पालटून. खात्यानं गावोगावच्या काही विहिरी नेमून दिलेल्या असतात. वर्षातून चार वेळा त्याच विहिरींवर जायचं: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. विहिरीच्या काठावर पांढऱ्या रंगाची एक खूण असते. तिथून वजन लावलेली पोलादी फीत खाली सोडायची, वजन पाण्याला टेकल्यावर 'डुबुक' आवाज येतो, तो ऐकायचा आणि आकडा लिहायचा. ऐकायला फार सोपं वाटतं, आणि आहेही. फक्त ते तीस वर्षं न चुकता करावं लागतं. पाटणच्या खोऱ्यात ऑक्टोबरात गेलं तर फीत सोडायचीसुद्धा गरज नसायची, वाकलं की हात भिजायचा. माण, आटपाडी, जतकडं गेलं की फीत सुटतच राहायची आणि आमचे ड्रायव्हर मुलाणीभाऊ जीपला टेकून म्हणायचे, "मॅडम, अजून थोडी सोडली तर अमेरिकेत निघंल."

मी मूळची उंब्रजची. आमच्या घरी ऊस, दाराशी कृष्णा, बटण दाबलं की पाणी. पाणी संपतं ही गोष्ट मला पगारी शिकायला मिळाली.

दुसरं काम म्हणजे बोअरसाठी जागा दाखवणं. चार लोखंडी सळ्या जमिनीत ठोकायच्या, बॅटरीनं वीज सोडायची आणि ती खाली कुठं अडते, कुठं सहज जाते ते यंत्रावर बघायचं. कोरड्या काळ्या पाषाणात वीज अडते, ओल असलेल्या भेगेतून ती वाट काढते. मुलाणीभाऊ जमलेल्या लोकांना सांगायचे, "मॅडम जमिनीचा ईसीजी काढत्यात." यावर माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं होतं ते पाणाड्यांवर. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून फिरायचं आणि नारळ उभा राहिला की 'इथं पाणी' म्हणायचं, हा त्यांचा धंदा. खंडाळ्याकडच्या एका गुरुजींनी मला आणि पाणाड्याला एकाच दिवशी बोलावलं होतं. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या जागा दाखवल्या. गुरुजी दोघांचा मान राखणारे. त्यांनी दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध बोअर मारली आणि पाणी लागलं. पाणाडी आजही ती जागा आपली म्हणून सांगतो. मीही कार्यालयात आपलीच म्हणून सांगितली होती.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण सांगायचंय ते एका वाडीचं. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती माणसं तिथंच राहतात आणि त्यांना दिवाळी अंकात येण्याची हौस नाही. सांगलीच्या पूर्वेला, माळावर शंभरेक घरांची ती वाडी. वाडीला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, आणि ती माझ्या नेमून दिलेल्या विहिरींपैकी एक.

तिथं मी गेले की पहिल्यांदा भेटायची हौसाक्का. साठीची, सडपातळ, घर मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की मालक आणि मुलं मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायची. ही थोरल्या सुनेबरोबर घरी राहून दोन एकर बाजरी आणि मागं ठेवलेल्या चार म्हाताऱ्या मेंढ्या बघायची. मी फीत सोडण्याआधीच ती आकडा सांगायची. घागर पाण्याला लागल्यावर दोराचे किती वेढे हातात उरले, त्यावरून.

"आज दोन वेढं कमी झाल्यात बगा जानेवारीपास्नं."

मी फीत सोडायची. तिचं बरोबर यायचं.

"मग तुमाला सरकार कशाला पाठवतंय?" ती एकदा अगदी मनापासून म्हणाली. मुलाणीभाऊंना हा प्रश्न इतका आवडला, की महिनाभर ते जीप सुरू करताना मला तोच विचारायचे.

त्याच वाडीचे सुभेदार. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आलेले, ताठ, मिशा कातरलेल्या, बोलण्यात हिंदी. आल्यावर त्यांनी ओढ्याकाठच्या वडिलोपार्जित जमिनीत डाळिंब लावायचं ठरवलं आणि रीतसर अर्ज करून मला बोलावलं. नारळवाला नको म्हणाले. "बाईसाहेब, आपलं काम एकदम पक्कं पायजे. कागदावर."

कागदाचा एक नियम असतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत दुसऱ्या कुणी बोअर मारायची नाही. मी टेप लावून मोजलं. सुभेदारांच्या शेतातली जागा विहिरीपासून पाचशे साठ मीटरवर होती. यंत्र तर अगदी लाडानं बोलत होतं, खाली चांगली ओली भेग दाखवत होतं. मी खूण केली, अहवाल लिहिला, सही ठोकली. आठवड्यानं बोअरची गाडी आली आणि पाणी पुरुषभर उंच उडालं. सुभेदारांनी कार्यालयात पेढे पाठवले. साहेबांनी एक पेढा उचलून म्हटलं, "याला म्हणतात जागा." मी दिवसभर खुशीत होते. दुसऱ्याच्या शेतात पाणी उडालेलं बघून होणारा आनंद हा आमच्या नोकरीतला खरा बोनस.

पुढची दोन वर्षं डाळिंब लहान होतं, पाणी कमी लागायचं. तिसऱ्या वर्षी सुभेदारांनी पहिला बहार धरला, म्हणजे झाडांना भरपूर पाणी देऊन फळ घ्यायचं ठरवलं, आणि पंप दिवसभर चालू लागला.

त्या जानेवारीत विहिरीचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली होता. मी मनात म्हटलं, पाऊस कमी झाला असेल. मार्चमध्ये गेले तर हौसाक्का काठावर रिकामी घागर घेऊन बसलेली.

"तुमची फीत आज बुडायची न्हाई, बाई."

फीत सोडली. डुबुक आवाज आलाच नाही. वजन दगडावर खणकन वाजलं.

परतताना मी पावसाचे आकडे काढून बघितले. पाऊस दरवर्षीइतकाच झाला होता. जीपमध्येच मी वही मिटली. मग मुलाणीभाऊ रस्त्याकडंच बघत म्हणाले, "मॅडम, आपण दावलेली जागा तिकडंच ना?"

मला ते त्यांच्या आधी कळलं होतं. ज्या भेगेतून वाडीच्या विहिरीला झरा येत होता, त्याच भेगेवर मी बोट ठेवलं होतं. पाचशे मीटर हा आकडा जमिनीवर चालणाऱ्या माणसांनी ठरवलेला. खालच्या खडकाला तो कुणी कळवलेला नव्हता.

पण मी हे कुणाला बोलले नाही. पंधरा दिवस. खात्री नाही, पुरावा नाही, अहवाल नियमात आहे, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. वाडीत टँकर सुरू झाला. तोही सरकारचाच, मीही सरकारचीच, म्हणजे एका हातानं काढून घेऊन दुसऱ्या हातानं वाटप चाललं होतं. टँकर आला की पाइप धरायला झुंबड उडायची. अशाच एका सकाळी हौसाक्का त्या रेट्यात पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मला हे मुलाणीभाऊंनी सांगितलं. तिच्या सुनेनं त्यांना फोन केला होता, तालुक्याला न्यायला गाडी मिळेल का म्हणून.

त्या दिवशी मी साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "जागा नियमात बसतेय ना? मग तुम्ही कशाला अंगावर घेताय?" मी म्हटलं, एकदा पंप चालवून विहीर मोजायची परवानगी द्या. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि दिली.

आता सुभेदारांना विचारायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या पत्नीनं आणलेला चहा तसाच राहिला.

"कागद तुमचा, सही तुमची," ते शांतपणे म्हणाले. "मी नारळवाला आणला असता तर त्याच्याशी भांडलो असतो. तुमच्याशी काय भांडू?"

"भांडा," मी म्हटलं. "पण एकदा मोजू द्या."

ते उठून बागेकडं बघत उभे राहिले. तीन वर्षांची झाडं, कळी नुकती लागलेली. "टेस्ट होऊ द्या," ते म्हणाले. "पर फीत मी धरनार. आणि खोटं निघालं तर गावानं माज्याकडं संशयानं बघायचं बंद करायचं."

तीन दिवस पंप बंद ठेवला. वाडीनं त्या दिवसांत विहिरीत घागर सोडायची नाही असं सरपंचबाईंनी दवंडी देऊन सांगितलं. सरपंच म्हणजे तिशीतली, शिलाई मशीन चालवणारी मुलगी, पण शब्दाला वजन. तीन दिवसांत विहिरीच्या तळाला पाणी जमलं, गुडघाभर. सुभेदार म्हणाले, हे टँकर चालू आहे म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं, लोक विहिरीवर येत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी पंप चालू केला. मी, मुलाणीभाऊ, सरपंच, आणि हाताला प्लास्टर घातलेली हौसाक्का विहिरीवर. मागं निम्मी वाडी. सुभेदारांनी फीत स्वतः सोडली, स्वतः वाचली, मी लिहिलं. दर अर्ध्या तासानं. पहिले दोन तास आकडा तसूभर हलला नाही. सुभेदारांचा चेहरा खुलला. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. कुणीतरी म्हणालं, "बाईंचं कायतरी चुकलंय." मला खरंच वाटलं, चुकलेलं असावं. इतक्या आनंदानं मी चुकायला कधी तयार नव्हते.

दुपारी दोन बोटं उतरली. सुभेदारांनी फीत गुंडाळून पुन्हा सोडली. तेवढीच. उन्हं कलली तेव्हा वीतभर उतरलं होतं आणि विहिरीच्या आतल्या दगडावर ओली रेघ सगळ्यांना वरून दिसत होती.

 मी पेन घेऊन थांबले. सुभेदार वाकून त्या रेघेकडं बघत राहिले. मग फीत माझ्या हातात देऊन त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "पंप बंद कर," ते पत्नीला म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "व्हय, आपल्याच पंपानं उतरतंय," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी ग्रामसभा झाली. मी उभी राहून सांगितलं की जागा मी दाखवली होती आणि हे समजूनही मी पंधरा दिवस गप्प बसले होते. तीस वर्षांत मी इतकं लांब भाषण कधी केलं नव्हतं, आणि ते चार वाक्यांचं होतं. एक जण म्हणाला, "सरकारनं बोअर बंद करावी." तालुक्याहून आलेल्या कर्मचाऱ्यानं नियम वाचून दाखवला. पाचशे साठ मीटर. सरकारला काही करता येत नव्हतं. कायदा सुभेदारांच्या बाजूनं होता, आणि सुभेदार मान खाली घालून बसले होते.

बोलली हौसाक्का. ती सभेत कधी बोलत नसे.

"सगळी अशी गप का? झाडं मारा असं कोन म्हनतंय? त्येची झाडं बी जित्ती, माजी मेंढरं बी जित्ती. पानी एकाच भांड्यातलं हाय म्हनून बाईंनी दावलं न्हवं? मग घरात एक भांडं असलं तर आपुन काय करतो? आधी ल्हान पोरं, मग म्हातारी, मग बाकीची. तसं लावा."

तसं लावायला पुढं तीन तास लागले. ठरलं ते असं, की सकाळी सुभेदारांच्या बोअरमधून वाडीची टाकी भरायची, त्यानंतर उरलेल्या वेळात झाडांना पाणी. टाकी आणि पाइपचा खर्च ग्रामपंचायतीनं करायचा. सुभेदारांनी ओढ्याकडच्या चार रांगा काढून टाकायच्या असं कुणी म्हटलं नव्हतं, ते ते स्वतःच म्हणाले. "एवढी झाडं या पान्यावर पोसनार न्हाईत. मला मोजायला आता येतंय." त्या चार रांगा तोडताना ते तिथं थांबले नाहीत, पुण्याला मुलाकडं जाऊन आले.

नुसतं वाटून भागणार नव्हतं, भांड्यात भरही पडायला हवी होती. वाडीच्या वरच्या अंगाला एक जुना पाझर तलाव होता. पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेला, आता गाळानं भरून त्याचं क्रिकेटचं मैदान झालं होतं. त्यातला गाळ काढायला तीन कार्यालयांची परवानगी लागत होती. तलाव एका खात्याचा, जमीन दुसऱ्याची, आणि तिसऱ्याचा संबंध काय ते मला अजून समजलेलं नाही. मी आणि मुलाणीभाऊ ते कागद घेऊन फिरलो. एका कार्यालयात बाबू म्हणाले, "तुमचं काम विहिरी मोजायचं, तलावाचं काय?" मी म्हटलं, "मोजायला काही उरावं म्हणून आलेय." ते हसले आणि कागद खालच्या गठ्ठ्यातून वर ठेवला. सरकारी कामात कधीकधी एवढं हसणं पुरतं.

परवानगी मे महिन्यात आली, यंत्र जूनच्या तोंडावर. तोवर वाडीनं वाट बघितली नव्हती. सुभेदारांनी घरटी एक माणूस अशा तुकड्या पाडल्या होत्या. सकाळी सहाला हजेरी, उशिरा आला की एक पाटी जास्त. घाटाखालून परतलेला हौसाक्काचा मालक रोज उशिरा यायचा. तो मला म्हणाला, "चाळीस वर्सं मेंढरं हाकली, पर मला हाकनारा गडी आता भेटला." गाळ बायकांनी, बाप्यांनी आपापल्या शेतात नेला. त्या पावसाळ्यात तलाव अर्धा भरला. ऑक्टोबरात फीत सोडली तर डुबुक आवाज पुष्कळ वर आला.

मला कार्यालयानं खुलासा विचारला. जागा चुकली कशी? मी एक पान लिहिलं. त्यात 'खडकाला अंतराचा नियम माहीत नसल्याने' असं एक वाक्य होतं. साहेबांनी ते लाल शाईनं खोडलं आणि वर लिहिलं, 'स्थानिक भूस्तररचनेमुळे'. अर्थ तोच. तेव्हापासून मी कुणालाही जागा दाखवताना आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवर आधी जाऊन यायचे आणि तिथं पाणी ओढणाऱ्या बाईशी बोलायचे. ते आमच्या नियमात अजून नाही. हौसाक्काचं मनगट नीट जुळलं नाही. ती डाव्या हातानं दोर ओढायला शिकली, पण वेढे मोजण्यात तिची चूक व्हायला लागली, आणि ते मला लागतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आधीच्या वर्षी पाऊस खरोखरच कमी झाला. तलावात तळाशी पाणी होतं. मे महिन्यात मी धास्तावूनच वाडीत गेले. फीत सोडली. पाणी मला वाटलं होतं त्याहून बरंच वर निघालं. पुन्हा सोडली. तेच. पाऊस नाही, तलाव नाही, मग हे आलं कुठून, काही कळेना.

मी सुभेदारांच्या शेतात गेले. उन्हाळ्यात फळानं वाकलेली असायची ती झाडं नुसतीच उभी होती. पानं बारीक, फळ एकही नाही. सुभेदार खाली खाटेवर पेपर वाचत होते.

"रोग पडला का?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई. बहारच धरला न्हाई औंदा." त्यांनी पेपराची घडी घातली. "पान्याचा अंदाज आला होता. झाडं जगतील एवढंच पानी घेतलं. एक साल सुट्टी दिली त्यास्नी. फौजेत बी मिळते."

"गावात कुणी बोललं नाही मला."

"गावाला सांगितलंच न्हाई. सांगितलं तर आभार मानत बसतील, मग पुढच्या साली बहार धरायची चोरी." आणि त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक विहिरीपुढं शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. तीस वर्षं मी तो कोरा ठेवला होता, कारण विहिरीबद्दल लिहायचं ते आकड्यात येतं. त्या मे महिन्यात मी त्यात लिहिलं, 'सुभेदारांनी यंदा बहार धरला नाही.' नवीन साहेब आले होते, तरुण होते. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, याचा पाणीपातळीशी काय संबंध?"

मी म्हटलं, "साहेब, बाकीच्या रकान्यांत किती ते लिहिलंय. या रकान्यात का ते लिहिलंय."

त्यांनी तो शेरा खोडला नाही.